रांगेचं डावं टोक

१९८६ साल. चैत्र लागला होता आणि आमच्या पोलीस लाईनीचे पत्रे दुपारच्याला तडतडायला लागले होते. त्या वर्षी नळाला दिवसाआड पाणी होतं. लाईनीतल्या बायका ते वर्ष पाण्यावरून ओळखायच्या, पण त्यातल्या ज्या आज उरल्यात त्या ओळखतात ते द्वारका खिल्लारेवरून.

द्वारका ही लाईनीतली एकुलती एक बाई पोलीस. बाकीच्या आम्ही सगळ्या पोलिसांच्या बायका. तिचा नवरा शिपाई होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. अंगापिंडानं एवढीशी. खाकी साडी नेसून, पायात कॅनव्हासचे बूट घालून निघाली, की शाळेच्या गॅदरिंगला चाललेली मुलगी वाटायची. परेडला उंचीप्रमाणे उभं करतात. सगळ्यात उंच तो उजव्या टोकाला, त्याला दर्शक म्हणतात. द्वारका अर्थातच डाव्या टोकाला, सगळ्यात शेवटी.

उजव्या टोकाला असायचे उगले मेजर. होते हवालदारच, पण हवालदाराला मेजर म्हणायची पोलिसांत रीतच आहे. द्वारकेला कवायत त्यांनी शिकवली. पहिल्या दिवशी तिचं पाऊल चुकलं तेव्हा सगळी रांग फिदीफिदी हसली होती. मेजर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बाई, 'दाहिने सज' म्हटलं की मान उजवीकडं. शेजाऱ्याचा कान दिसला पायजे. त्याच्या रेषेत सरकायचं. तो त्याच्या शेजाऱ्याकडं बघतोय, तो त्याच्या. अशी आख्खी रांग सरळ होती."

"आणि तुम्ही कुणाकडं बघता?"

"मी टोकाला. माझ्या उजवीकडं कोण हाय? मी आपला समोर बघतो."

आदल्या वर्षी आखाडात, यात्रेच्या बंदोबस्तावर असताना, मेजर उभ्या उभ्या कोसळले आणि गेले. त्यांच्या बायकोला, आमच्या अनसूयाकाकूंना, वर्षभर लाईनीतच राहू दिलं. द्वारकेच्या खोलीला लागून त्यांची खोली. मधली भिंत इतकी पातळ, की इकडं फोडणी दिली की तिकडं ठसका लागायचा.

तर त्या चैत्रात झालं असं. शेवंता नावाची एक बोहारीण गावात फिरायची. डोक्यावर नव्या भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं. एका बड्या घरातून सोन्याचा गोफ गेला आणि आळ आला शेवंतावर. तिला ठाण्यात आणली. रणपिसे म्हणून नवे फौजदार आले होते. वय कमी, घाई फार. बाईची चौकशी म्हणून द्वारकेला खोलीत उभं केलं. फौजदारांनी रूळ उचलला. द्वारका म्हणाली, "साहेब, पुरे." ते म्हणाले, "खिल्लारे, पाणी आण." ती तांब्या भरून दारात आली तेव्हा शेवटचा रूळ खाली येत होता. शेवंताचा डावा हात कोपराखाली मोडला. तो आवाज द्वारकेनं ऐकला. वाळल्या काटकीसारखा.

गोफ दुसऱ्या दिवशी त्याच घरात, गोधडीच्या घडीत सापडला. पण मोडलेला हात काही घडी करून ठेवता येत नाही. मग गोष्ट रचली गेली, की शेवंता पळायला गेली आणि ठाण्याच्या पायरीवरून पडली. वर पळून जाण्याचा गुन्हाही तिच्यावरच दाखल. तिच्या भावानं कलेक्टरकडं अर्ज केला आणि प्रांतसाहेब चौकशीला आले. शुक्रवारी दुपारनंतर डाकबंगल्यावर सगळ्यांचे जबाब व्हायचे होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी हरिभाऊ तांबे आणि म्हातारे घोलप शिपाई द्वारकेच्या ओट्यावर येऊन बसले. आम्ही नळावर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"ताई, अवघड काहीच न्हाई," हरिभाऊ म्हणाला. "एकच वाक्य हाय. पळायला गेली, पायरीवरनं पडली. म्हटलं की मोकळं."

"पण ती पडली न्हाई, हरिभाऊ."

"पडली न्हाई हे सगळ्यांनाच ठाऊक हाय. म्हणून तर सगळ्यांनी मिळून सांगायचं."

"त्या फौजदारासाठी?"

"त्याचं काय घेऊन बसलीस? आज हाय, उद्या बदलून जाईल. आपल्याला हितंच राहायचंय. एकाच नळावर. एकमेकांसाठी करायचं असतं, ताई."

घोलप विडी विझवत म्हणाले, "एकानं खरं बोललं की बाकीचे समदे खोटे पडत्यात, पोरी. इतकी महागाची वस्तू परवडती का आपल्याला?"

हरिभाऊनं धमकी दिली नाही. दिली असती तर द्वारकेला सोपं गेलं असतं. दोन वर्षांमागं तिची लेक नंदा विषमज्वरानं फणफणली होती, तेव्हा ह्याच हरिभाऊनं तिला चादरीत गुंडाळून सायकलवर सरकारी दवाखान्यात नेली होती. परतीला सायकल हातात धरून चालत आला होता, पोरीला हिसका बसू नये म्हणून. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, त्या संध्याकाळीही नाही. द्वारकेला मात्र त्याच्याकडं बघितलं की ती सायकलच दिसायची.

शुक्रवारी ती रात्रपाळी करून आली. नंदाला शाळेत धाडलं, दोन घास खाल्ले आणि गोधडीवर आडवी झाली. जबाबाला अजून अवकाश होता. पायातले बूट तिनं दाराशी काढून ठेवले होते. बाहेर नळाखाली कुणीतरी बादली लावून गेलं होतं. नळाला पाणी नव्हतं, नुसते थेंब. टप. टप. तिनं डोळे मिटले. टप टप. टप टप. थेंब जवळ जवळ पडायला लागले, एका ठेक्यात, आणि तिला वाटलं, भर दुपारी कोण कदमताल करतंय?

ती मैदानावर आहे. मैदान आपलंच, पण मधोमध नळ उभा आहे आणि नळापुढं घागरींची रांग आहे. घागरी बघता बघता टोप्या होतात. सगळे उभे आहेत. तिच्या पायाशी फक्कीची रेघ मारलेली आहे, ताजी, पांढरीफेक. बूट कुठं राहिले म्हणून ती खाली बघते, तर पाय उघडेच. डाव्या टोकावरून तिला नेहमीसारखे नुसते कान दिसतात. कानांच्या मागं कान.

लिंबाखाली उगले मेजर उकिडवे बसलेत. अंगात बनियन. समोर शेवंता भांड्यांची पाटी मांडून बसली आहे आणि मेजरांचा खाकी शर्ट उन्हात धरून न्याहाळते आहे. दोन्ही हातांनी.

"जरा मोठं दे की," मेजर म्हणतायत.

"कशाला मोठं? कॉलर घामानं खाल्लीय. बटण एक न्हाई. याला वाटी येईल फार तर."

"अगं, सरकारी कापड हाय!"

"म्हणूनच वाटी म्हणते. साधं असतं तर चमच्यावर भागवलं असतं."

द्वारका पुढं होते. "मेजर, तुम्ही तर…"

"गेलो. म्हणून तर खाकी मोडीत काढतोय."

"काकूंना विचारलं का?"

"ती कुठं देती? ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय. मला वास सहन होत न्हाई." ते तिच्याकडं बघून हसतात. दात तेच, तंबाखूनं काळे. "बस. चहा घेतीस?"

ती बसते ती ठाण्याच्या व्हरांड्यात. लिंबाची सावली तशीच आहे, पण वर छप्पर आहे. तिच्या हातात तांब्या आहे. काठोकाठ भरलेला. ती हलत नाही तरी पाणी सांडतं आहे, आणि सांडूनही कमी होत नाही.

"मेजर, आज जबाब आहे माझा."

"ठाऊक हाय."

"तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?"

मेजर वाटी हातात फिरवतात. वाटीत ऊन गोल गोल फिरतं.

"सगळ्यांनी सांगितलं तेच."

तांब्या एकदम जड होतो. ती दोन्ही हातांनी धरते. "तुम्ही? तुम्ही दर्शक होता!"

"उंच होतो म्हणून, बाई. धीट होतो म्हणून न्हाई. फूटपट्टी लावून दिलेली जागा ती."

"तुम्ही समोर बघायचा. सगळे तुमच्यावरनं सरळ व्हायचे."

"समोर काय असतं ठाऊक हाय का तुला? काहीच न्हाई. मोकळं रान. लई भ्या वाटायचं. तुमचं बरं होतं, तुम्हाला शेजाऱ्याचा कान दिसायचा."

तिला रडू येईल असं वाटतं, पण येतो तो राग. "म्हणजे मी पण तेच सांगू? पायरीवरनं पडली?"

"मी कुठं म्हटलं तसं? मी असतो तर काय केलं असतं ते तू विचारलंस. मेलेल्यानं खोटं कशाला बोलावं?"

आत खोलीतून काटकी मोडल्यासारखा आवाज येतो. दोघंही ऐकतात. पुन्हा येतो. मेजर मान खाली घालतात.

"हरिभाऊ वाईट आहे का, मेजर?"

"हरिभाऊ? सोन्यासारखा माणूस. वाईट माणसाचं कोण ऐकतंय, बाई? माणूस वाकडं उभं राहतं ते चांगल्या शेजाऱ्याकडं बघूनच."

व्हरांड्यात फक्की आहे. व्हरांडा नाही, मैदान आहे. 'दाहिने सज' झालं आहे, हुकूम कुणी दिला कळत नाही. सगळ्या माना उजवीकडं वळल्यात. उजवं टोक रिकामं आहे. तिथं मेजर उभे राहायचे, आता तिथं नुसती फक्की आहे. तरी सगळे तिकडंच बघतायत आणि एकमेकांच्या कानाच्या रेषेत सरकतायत. सरकत सरकत रांग वाकते, नदीसारखी. तिच्या वाटेत शेवंता पाटी घेऊन बसली आहे. तिनं डावा हात जमिनीवर टेकला आहे. बूट जवळ येतायत. कुणीच खाली बघत नाही. सगळ्यांना शेजाऱ्याकडं बघायचं आहे.

"ए, थांबा!" द्वारका म्हणते. कानांना ऐकू येत नाही.

ती उजव्या टोकाकडं पळत सुटते. हरिभाऊ मागं जातो, घोलप मागं जातात, पुन्हा हरिभाऊ येतो. जेवढं पळावं तेवढी रांग वाढते. मेजर तिच्या बाजूनं चालतायत, निवांत, बाजाराला निघाल्यासारखे.

"पोचता येत न्हाई, मेजर. तुमच्या जागेवर पोचता येत न्हाई."

"माझ्या जागेचं काय घेऊन बसलीस? तुझं टोक हाय की तुला."

"डावं टोक ते! तिकडं कोण बघतंय?"

मेजर थांबतात. वर्गात बावळट पोराकडं बघावं तसं तिच्याकडं बघतात. "एवढी कवायत शिकवली तुला. 'पीछे मुड' झालं की डावं टोक कुठं जातं?"

ती उभी राहते. जागच्या जागी मनातल्या मनात वळून बघते. सगळी रांग पाठमोरी फिरली, की शेवटचा असतो तोच उजवीकडं येतो.

"मग द्या ना हुकूम!"

मेजर तोंड उघडतात. बाहेर काहीच येत नाही, थोडी धूळ तेवढी येते. ते घशाला हात लावून दाखवतात. मग तिच्या हातातला तांब्या काढून घेतात आणि वाटीत पाणी ओतून शेवंतासमोर धरतात.

द्वारका डाव्या टोकाला येते. इथंच होती ती, पळालीच नव्हती. ती उघड्या पायाचा अंगठा फक्कीच्या रेघेवर टेकवते. पोटातून आवाज काढते. मेजरांनी शिकवला होता तसा, बेंबीपासून.

"परेड! पीछे मुड!"

टाचा वाजतात. सगळे फिरतात. कान जातात आणि चेहरे येतात. आता ती उजव्या टोकाला आहे आणि सगळे तिच्याकडं बघतायत. तिच्या अगदी शेजारी हरिभाऊ आहे. त्याच्या हातात सायकल आहे, मागं चादरीत नंदा.

"ताई," तो हळू म्हणतो, "पोरीला ताप हाय गं. इकडं बघ की."

तिला बघायचं आहे. मान वळायला लागते. मानेची शीर दुखते.

टोकाला उभं राहणाऱ्यानं समोर बघायचं असतं. ती समोर बघते. मोकळं रान आहे. खरंच भीती वाटते. मग त्या रानात शेवंता दिसते. हातातली वाटी तोंडाला लावून ती पाणी पिते आहे.

"खिल्लारे," मागून मेजरांचा आवाज येतो. कसा येतो कोण जाणे. "हलू नकोस."

तिची हाक सगळ्या लाईनीनं ऐकली. अनसूयाकाकू धावत आल्या तेव्हा द्वारका गोधडीवर ताठ उठून बसली होती.

"काय गं? कुणाला पीछे मुड करतीस?"

द्वारकेनं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. मग पदर कमरेला खोचत म्हणाल्या, "बघा माणसाचं! मी रोज उशीला डोकं टेकते ती वाट बघत. माझ्याकडं एकदा फिरकले न्हाईत, आणि तुझी परेड घ्यायला बरे आले!" मग हळूच विचारलं, "अंगात काय होतं?"

"बनियन. शर्ट बोहारणीला देत होते. बटण नव्हतं एक."

काकू एकदम खाली बसल्या. ते बटण लावायचं राहून गेलं होतं, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बसल्या बसल्या त्यांची नजर द्वारकेच्या पायावर गेली. उजव्या पायाचा अंगठा पांढरा होता. काकूंनी बोटानं पुसून बघितलं, बोट नाकाशी धरलं.

"चुना हाय," त्या म्हणाल्या. "फक्की."

मैदानावर फक्की मारली होती ती सव्वीस जानेवारीला. ती वाऱ्यानं कधीच उडून गेली होती. आणि रात्रपाळीमुळं द्वारका त्या शुक्रवारी परेडला गेलीच नव्हती.

ती पाय धुवायला उठली तशी काकूंनी तिचा घोटा धरला. "धुऊ नकोस. तशीच बूट घाल."

तिनं तसेच बूट घातले.

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बाकावर सगळे ओळीनं बसले होते. सगळ्यात पुढं रणपिसे, सगळ्यात शेवटी द्वारका. आत प्रांतसाहेबांनी पहिलं नाव पुकारायला मान वर केली, तर दारात ती उभी.

"साहेब, माझ्यापासून सुरू करा."

"तुमचं नाव तर शेवटी आहे, बाई."

"खोलीत मी होते, साहेब. बाकीचे बाहेर होते."

साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं आणि खुर्ची दाखवली. ती बसली नाही. दार उघडंच होतं. ती समोर बघत, परेडच्या आवाजात बोलली. व्हरांड्यात प्रत्येकाला प्रत्येक शब्द ऐकू गेला. हातात तांब्या होता, रूळ कुणाच्या हातात होता, आवाज कसा आला. पायरीचा विषयच आला नाही.

तिच्यानंतर हरिभाऊला बोलावलं. त्यानं टोपी काखेत घेतली. म्हणाला, "मी पाठमोरा होतो, साहेब. मला काही दिसलं न्हाई." घोलप म्हणाले, "मला ऐकायला कमी येतं, दिसायला त्याहून कमी." खरं कुणी बोललं नाही, पण पायरीवरून पडताना शेवंताला बघितलेलाही एकेक करून कुणी उरला नाही.

शेवंतावरचा गुन्हा मागं घेतला. तिचा हात वाकडाच जुळला. ती पाटी उजव्या हातानं उतरवायला शिकली आणि पुढं कैक वर्षं लाईनीत येत राहिली. अनसूयाकाकूंनी ट्रंकेतला तो शर्ट तिला दिला. शेवंतानं वाटी दिली नाही, चहाचं चांगलं जाड पातेलं दिलं. ठाण्यात द्वारकेला कुणी चहा विचारेना, तिचा पेला किटलीपुढं उपडा पडून राहायला लागला, तेव्हा काकू त्याच पातेल्यात तिच्यासाठी चहा ठेवायच्या. फोडणीच्या ठसक्याऐवजी आता चहाचा वास भिंतीपलीकडं जायचा.

रणपिसेंची बदली झाली. चौकशी पुष्कळ दिवस चालली. पुढं ते मोठे साहेब होऊन निवृत्त झाले, हार घातलेला त्यांचा फोटो पेपरात आम्हीच बघितला. घोलपांना म्हातारपणी खरंच ऐकू येईनासं झालं. काकू पुढं लेकीकडं गेल्या आणि तिथंच वारल्या.

हरिभाऊ द्वारकेशी बोलायचा बंद झाला. नंदाच्या लग्नात मात्र न बोलावता आला, कमरेला पंचा गुंडाळून पंगतीत बुंदी वाढली, आणि न जेवता गेला. जाताना नवरीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या तेराव्याला द्वारका परजिल्ह्यातून एस.टी.नं आली होती.

द्वारकेला त्या साली बदलून पार जिल्ह्याच्या टोकाला टाकलं. तिथून आणखी तीनचार ठिकाणी. नोकरीच्या शेवटी ती हवालदार झाली. नव्या ठाण्यात पोरं तिला मेजर म्हणायला लागली. पहिल्यांदा कुणी "मेजर" म्हणून हाक मारली तेव्हा ती मागं वळून बघत राहिली होती, कुणाला बोलावतायत म्हणून.

गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली. तिचे कॅनव्हासचे बूट नंदानं ठेवलेत. परवा आम्ही तिच्याकडं गेलो होतो तेव्हा तिनं आणून दाखवले. तळ झिजलेत, लेस नाहीत. नंदानं उजव्या बुटात हात घातला आणि बोट बाहेर काढून आमच्यापुढं धरलं. अंगठ्याच्या जागी अजून पांढरं लागतं.